लग्नापुरते पांढरे डोळे

माझ्या लग्नाचा अल्बम कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, जुन्या चादरींच्या खाली आहे. मुद्दाम तिथे ठेवलाय. काढायचा तर स्टूल लागतं, आणि स्टूल आणेपर्यंत माझं मन बदलतं. वीस वर्षांत तो मी तीन-चार वेळाच पाहिला असेल. नवऱ्याला वाटतं, तेव्हाची बारीक मी बघून आत्ताच्या मला वाईट वाटतं. वाटू दे त्याला.

खरं कारण आबांचे डोळे. आबा म्हणजे माझे वडील. अल्बममधल्या प्रत्येक फोटोत त्यांचे डोळे पांढरेशुभ्र आहेत. आजूबाजूला रडून रडून नाकं लाल झालेल्या आत्या आणि मावश्या, आणि मधे हा एक माणूस फेटा बांधून नव्या कपबशीसारखे डोळे घेऊन उभा. बघणारे म्हणतात, वडील काय रुबाबदार दिसतात हो तुमचे! मला ते डोळे बघवत नाहीत. अल्बम वर ठेवून काही उपयोग होतो असंही नाही. भांडी घासताना, भाजी निवडताना, ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसल्यावर ते एकदम समोर येतात आणि माझ्याकडे बघत राहतात. मग हातातलं काम तसंच राहतं.

आबांचे डोळे मुळात पांढरे कधीच नव्हते. ते शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत भट्टीवर होते. वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचं काम. चष्मा मिळायचा, पण घामानं तो धुरकटायचा, मग आबा तो कपाळावर चढवून ठेवायचे आणि उघड्या डोळ्यांनी त्या पांढऱ्या जाळाकडे बघत काम करायचे. पंचगंगेचा पूल ओलांडून आपल्या जुन्या एम-एटी दुचाकीवरून कसबा बावड्यातल्या आमच्या गल्लीत शिरायचे तेव्हा तोंडावर काजळी आणि डोळे इंगळासारखे. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. आमच्या लेखी वडिलांच्या डोळ्यांचा रंगच तो. दारूचं म्हणाल तर आबांनी उभ्या जन्मात थेंब घेतला नाही. चहासुद्धा अर्धा कप.

पण हे गल्लीला माहीत होतं, नेसरीला नव्हतं.

नेसरीकडचं स्थळ आलं तेव्हा मी बी.कॉम. होऊन एका छापखान्यात कामाला लागले होते. आमच्याकडे स्थळ आलं की पाव्हणे आधी घरात येत नाहीत, आधी गल्लीत येतात. दूध डेअरीवर थांबतात, पानाच्या टपरीवर चुना मागतात, केस कापून घ्यायची गरज नसताना सलूनमध्ये जाऊन बसतात आणि सहज विचारल्यासारखं करून विचारतात, "काय पावणं, त्या कोपऱ्यावरच्या घरातला माणूस कसा हाय?" या चौकशीतून कुणी सुटत नाही. मुलाचे मामा आणि आणखी एकजण असेच येऊन गेले. लोकांनी चांगलंच सांगितलं असणार. पण ते निघता निघता नेमके आबा शिफ्ट संपवून आले. त्या दोघांनी त्यांना एम-एटीवरून उतरताना पाहिलं.

चार दिवसांनी मध्यस्थ आला. चहा प्याला, बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "पोरगी पसंत हाय. पर वडील जरा घेत्यात काय, असं इचारत्यात. डोळं लई लाल हुतं म्हणं."

आई रडायलाच लागली. आबा मोठ्यानं हसले. "भट्टीवर यून बघा म्हणावं की! तेंचं बी हुत्यात का न्हाईत बघू!" मी मात्र हसले नाही. मुलाचा फोटो मी पाहिला होता, आणि तो मला आवडला होता. खरं आहे ते सांगते. रविवारी ती माणसं रीतसर घरी येणार होती, आणि तेवढ्यासाठी हे मोडायला मी तयार नव्हते.

शनिवारी मी मेडिकलमध्ये गेले आणि डोळ्यांची लाली घालवणारे थेंब मागितले. दुकानदार जुना माणूस होता. त्यानं आधी विचारलं, "कुणाला पाहिजेत? काचबिंदू वगैरे काही? बीपी?" आबांचे डोळे कधी कुणी तपासलेच नव्हते. मी बेधडक "नाही" म्हणाले. "दोन-तीन दिवसांच्या वर वापरू नका हं ताई," तो म्हणाला. "एकाच दिवसाचं काम आहे," मी म्हणाले.

घरी येऊन खोकं उघडलं. आत बारीक इंग्रजी अक्षरांचा, घडी घातलेला कागद होता. घरात इंग्रजी वाचता येणारी मी एकटी. मी तो सगळा वाचला. तीन दिवसांहून जास्त वापरू नका, लाली उलटून वाढते. काचबिंदू असेल तर वापरू नका. डोळा दुखला, दिसण्यात फरक पडला, तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. आबा तिथंच पाटावर जेवत होते. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "काय लिवलंय गं एवढं?"

"काय न्हाई. थंड जागी ठेवा म्हणून लिहिलंय."

हे वाक्य मी विसरू शकलेले नाही. कुणी जबरदस्ती केली नव्हती, घाई नव्हती. मी बसून वाचलं आणि बसूनच खोटं बोलले. आईला सांगितलं असतं तर तिनं बाटली ठेवून घेतली असती, एवढंच ना? तेवढंच मला नको होतं.

रविवारी सकाळी आबांना ओट्यावर बसवून मी दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब टाकला. आबा लहान मुलासारखे चेहरा वाकडा करून बसले. पाच-सात मिनिटांत लाली अशी उतरली की आई तोंडाला पदर लावून बघतच राहिली. आबा आरशात बघून म्हणाले, "आयला, ह्यो कोण?" पाव्हणे आले. मुलाच्या मामांनी राम राम करताना आबांच्या डोळ्यांत नीट निरखून पाहिलं, मी आतून बघत होते. मग ते सैल होऊन बसले आणि दुसऱ्यांदा पोहे मागितले. लग्न ठरलं. पाच महिन्यांनी, वैशाखात.

आता हे इथंच थांबायचं होतं. पण सोमवारी आबांचे डोळे नेहमीपेक्षा लाल झाले, आणि नेसरीकडची माणसं आता केव्हाही यायला लागली. बाजाराला आलेलो, म्हटलं बघून जावं. कधी याद्या करायला, कधी नुसतीच. मग थेंब. औषध उतरलं की लाली दुप्पट, मग परत थेंब. दिवसातून एकदाचं दोनदा झालं, दोनदाचं सहादा. बाटली आबांच्या डब्याच्या पिशवीत राहायला गेली. संपली की दुसरी मीच आणायची. त्या मेडिकलवाल्याला तोंड दाखवायची लाज वाटायची, म्हणून दर वेळी वेगळं दुकान.

फाउंड्रीत तर त्याची साथच आली. सुट्टी झाली की भट्टीवरची चार-पाच माणसं गेटजवळ ओळीनं माना वर करून उभी राहायची आणि आबा एकेकाच्या डोळ्यात थेंब सोडायचे. घरी जाताना बायकोनं संशय घेऊ नये म्हणून! बाटलीचं टोक याच्या पापणीला लागायचं, तेच त्याच्या. एकाचे डोळे आले आणि आठवड्यात सगळी भट्टी काळे गॉगल लावून. आबा हे सांगताना हसून लोटपोट व्हायचे, आणि आम्हीही.

मग डोकं दुखायला लागलं. उजव्या भुवईच्या वर, संध्याकाळचं. आबा रुमाल आवळून बसायचे. बस्ता बांधून लक्ष्मीपुरीतून रिक्षानं परत येत होतो तेव्हाचं मला लख्ख आठवतं. दिवेलागण झाली होती. आबा बाहेर बघत म्हणाले, "आयला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसाय लागल्यात. गोल गोल. इंद्रधनुष्यावानी."

मी म्हणाले, "आबा, आता खरंच घेतली काय?"

रिक्षात सगळे हसले. रिक्षावालासुद्धा. सगळ्यात जास्त आबा हसले. त्या कागदावर दिसण्यात फरक पडला तर थांबा असं होतं, ते मी वाचलं होतं, आणि तरी मांडीवर शालूचं खोकं धरून मी हसत होते. आजही संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे लागले की मी त्यांच्याकडे एकदा डोळे बारीक करून बघते. कडी दिसत नाहीत. तरी बघते.

हळदीच्या दिवशी आबांना उलट्या झाल्या. पित्त झालंय, धावपळ, जागरण, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. कुणी आलं दिलं, कुणी लिंबू. लग्नाच्या सकाळी कार्यालयातल्या खोलीत आबा प्लास्टिकच्या खुर्चीवर मान खाली घालून बसले होते. मी पिवळ्या साडीत, हातभर चुडा, मुंडावळ्या बांधायच्या बाकी. थेंब मीच टाकले. डावा डोळा लगेच निवळला. उजवा मानेना. त्याच्यात मी परत टाकले, आणि परत, तेव्हा कुठं तो पांढरा झाला. बुबुळ जरा धुरकट वाटलं मला, आणि मधलं काळं मोठं. मी ते पाहिलं. आणि काय म्हणाले, तर, "आबा, आज काय बी झालं तरी डोळं लाल होऊ देऊ नका हं. सगळी नेसरी आज तुमच्याकडंच बघणार हाय."

"बरं," आबा म्हणाले.

अक्षता पडल्या. जेवणं झाली. पाठवणीला आई माझ्या गळ्यात पडून एवढी रडली की तिला दोघींनी सावरलं. गल्लीतल्या बायका रडल्या, ज्यांच्याशी मी कधी बोललेही नव्हते. आबा गाडीजवळ ताठ उभे. मी पाया पडले, त्यांनी डोक्यावर हात ठेवला, दोन बोटं बाजूला पडला तो, आणि म्हणाले, "नीट ऱ्हा." डोळ्यांत टिपूस नाही. मागून मोठी आत्या म्हणाली, "बाप लई कडक बाई." गाडी हायवेला लागेपर्यंत मी त्याच गोष्टीवर रडत होते. एकुलती एक मुलगी, आणि या माणसाला एक अश्रू काढता आला नाही! तो सल मी पुढं कित्येक वर्षं जपला. राग मला पटकन येतो आणि गेला तरी पुरता जात नाही, असा माझा स्वभाव आहे.

पाचपरतावण्याला माहेरी आले तेव्हा आईनं आबांच्या पुढं चहा ठेवला. आबांनी हात पुढं केला आणि कपाच्या चांगलं वीतभर उजवीकडं हवेत धरला. मग हळूच चाचपत कपाकडं आणला. आईनं पाहिलं नाही. मी पाहिलं. त्यांच्या डाव्या डोळ्यावर माझा तळहात ठेवला आणि दुसऱ्या हाताची बोटं दाखवून विचारलं, "किती?"

आबा म्हणाले, "हात काढ की आधी. अंधारात काय दिसतंय?"

डोळ्यांच्या डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. म्हणाले, काचबिंदू. काही महिने झटक्याझटक्यानं चढत आलेला. उजव्या डोळ्याची नस गेली, ती परत येत नाही. मग विचारलं, काही औषध टाकत होता का. मी पर्समधून बाटली काढून टेबलावर ठेवली.

"किती दिवस?"

"पाच महिने."

त्यांनी बाटली उचलून बाजूला सारली. ओरडले असते तर बरं झालं असतं. "हे थेंब शिरा आकसतात, म्हणून लाली जाते. औषध उतरलं की त्याच शिरा आणखी फुगतात, म्हणून माणूस परत टाकतो. एखाद्या दिवसाला ठीक असतं. यांच्या डोळ्यातली पाणी निचरायची जागा मुळातच अरुंद आहे. अशा डोळ्याला हे चालत नाहीत, बाहुली मोठी होते आणि वाट बंद होते. थेंबांनीच गेला असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पण डोळा लाल होतो तो काहीतरी सांगायला. डोकं दुखलं, दिव्याभोवती कडी दिसली, तेव्हा लाली घालवायची नव्हती, इथं यायचं होतं."

डाव्या डोळ्याला त्यांनी लेसरनं बारीक छिद्र पाडलं, म्हणून तो वाचला. मलाही तपासून घ्यायला सांगितलं, हे घराण्यात उतरतं म्हणून. माझ्याही डोळ्यांची ठेवण तशीच निघाली. माझं वेळेवर झालं. आबांच्या एका डोळ्याच्या जिवावर माझे दोन वाचले, हे मला कुणी बोलून दाखवलेलं नाही.

आबांनी भट्टी सोडली, त्याच फाउंड्रीत गेटवर रजिस्टर धरून बसले आणि रिटायर झाले. मला एका शब्दानं कधी काही म्हणाले नाहीत. चार वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून ते आमच्याकडे फ्लॅटवर असतात. खिडकीजवळच्या खुर्चीत, डावी बाजू उजेडाकडं करून. आता डोळे परत लालसर असतात, म्हातारपणाचे. मला ते बघून बरं वाटतं.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीचा कॉलेजच्या प्रवेशासाठी ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. आठवडाभर लॅपटॉपसमोर बसून तिचे डोळे तांबडे झाले होते. मी स्वयंपाकघरात होते. बाहेरून आबांचा आवाज आला, "कोण टाकतंय गं डोळ्यात?" त्यांना दिसलं नव्हतं. टोपण फिरवताना त्याची सील तुटल्याचा बारीक कट्कन आवाज त्यांनी ऐकला होता. वीस वर्षांनी तो त्यांच्या कानाला बरोबर कळला.

मी धावत बाहेर आले आणि तिच्या हातातून बाटली हिसकावली. ती आरशासमोर मान वर करून उभी, एका हातानं पापणी ओढलेली, आणि डोळ्यांत लेन्स तशाच.

"मम्मी, काय झालं तुला? एकाच दिवसाचं काम आहे!"

माझेच शब्द. मला कुणी पाठीत बुक्की घातल्यासारखं झालं. तोंडाला येईल ते मी बोलले. मग खोकं उलटं केलं, कागद बाहेर काढला, चष्मा लावला आणि तो मोठमोठ्यानं वाचायला लागले, एकेक ओळ मराठी करून. लेन्स काढल्याशिवाय टाकू नका. टोक डोळ्याला लावू नका. एकाची बाटली दुसऱ्यानं वापरू नका. तीन दिवसांच्या वर नको. काचबिंदू असेल तर नको. दुखलं, अंधुक दिसलं तर लगेच डॉक्टर. लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. मी शेवटपर्यंत वाचलं, कुणी थांबवलं असतं तरी थांबले नसते. मुलगी पुटपुटली, "बरं बाई, नको," लेन्स काढल्या, डोळ्यांवर पाणी मारलं, चष्मा चढवला आणि तांबड्या डोळ्यांनीच आत जाऊन दार लावून घेतलं.

मी कागदाची घडी घालत होते. ती नीट बसेना.

"तवा बी असंच लिवलं हुतं?" आबांनी विचारलं.

या प्रश्नाची मी वीस वर्षं वाट बघत होते.

"व्हय."

"तू वाचलं हुतंस?"

"व्हय, आबा. सगळं वाचलं हुतं."

ते खिडकीकडंच बघत होते. "मला ठावं हुतं," ते म्हणाले. "थंड जागी ठेवा, एवढंच सांगाय कोण एवढा मोठा कागद छापतंय?"

मी त्यांच्या पायाशी फरशीवर बसले, आणि मला रडू यायच्या ऐवजी राग आला, नेहमीसारखा. "मग बोलला का न्हाईत? एक शिवी तरी द्यायची! सगळं पोटात ठेवायचं, कुणाला काय कळू द्यायचं न्हाई. माझ्या पाठवणीला सगळा गाव रडला आणि तुमच्या डोळ्यात एक थेंब आला न्हाई, आबा. एक!"

आबांनी मान वळवली. डावा डोळा माझ्यावर यायला त्यांना जरा वेळ लागतो.

"रडलो असतो तर लाल झालं असतं की," ते म्हणाले. "तूच म्हणालतीस न्हवं, आज काय बी झालं तरी होऊ देऊ नका."